हवेचा गुण

कोल्हापुरात चांगल्या गोष्टीचं श्रेय पाण्याला देण्याची पद्धत आहे. गूळ गोड का, तर पाण्यामुळं. चप्पल टिकते का, तर कातड्याला इथलं पाणी लागलेलं असतं. पैलवान घडतो तोही पाण्यावरच. त्यात दुधाचा, बदामाचा आणि वस्तादाच्या छडीचा थोडा वाटा असतो, पण तो कुणी बोलून दाखवत नाही. पुण्याला नोकरीला गेलेला पोरगा वर्षभरानं परत आला आणि जरा मऊ बोलायला लागला, की आई काळजीनं म्हणते, ‘तिकडचं पाणी लागलं.’ एवढ्या मोठ्या जमाखर्चात हवेच्या नावावर मात्र एक पैसा जमा नाही. हवा म्हणजे संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन खायची वस्तू, तीही भेळ संपल्यावर.

या गावात हवेचा चोख हिशेब ठेवणारा एकच इसम मला माहीत आहे. त्याचं अंग जस्त-अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आतडी पितळेची असतात आणि नाव कार्बोरेटर.

‘गाडी पेट्रोलवर चालते’ हे आपलं एकतर्फी विधान आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पाच लिटर पेट्रोलचं वजन पावणेचार किलोच्या आसपास. म्हणजे त्याच्या जोडीला पन्नास-पंचावन्न किलो हवा आली. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर अशी जवळपास दीड खोली हवा इंजिन ओढून घेतं. पंपावर आपण मीटरचा शून्य बघतो, नळीतला शेवटचा थेंब झटकून घेतो, आणि हा दीड खोली माल बिनबोभाट आत जातो त्याची पावतीसुद्धा मागत नाही.

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा ठेवायचा. गळ्यात हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर येऊन हवेत मिसळतं. बेर्नुलीनं १७३८ मध्ये आणि व्हेंच्युरीनं १७९७ मध्ये जे लिहून ठेवलं ते एवढंच. त्या दोघांनीही पेट्रोलची गाडी बघितली नव्हती, त्यामुळं अ‍ॅव्हरेज किती पडतं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. सगळं भांडण त्या भोकांचं आहे. भोक म्हणजे जेट. गाडी संथ चालते तेव्हा पायलट जेट, मूठ अर्धी पिळली की मधे लोंबणारी सुई, आणि मूठ पाऊण पिळून पुढं गेली की मग मेन जेट. महाद्वार रोडच्या गर्दीत संध्याकाळी सहाला जी गाडी चालते ती सगळी पायलट जेटवर. मेन जेट बिचारा आत झोपलेला असतो. त्याला जाग येते ती थेट शिरोलीच्या पुढं, हायवेला. तरीही महाद्वार रोडवरच फिरणाऱ्या पोरांना मेन जेट मोठा करून पाहिजे असतो. मेन जेट मोठा आहे हे मित्रांना सांगता येतं. पायलट जेटची कुणी बढाई मारलेली मी ऐकली नाही.

उद्यमनगराच्या कडेला एका गल्लीत एक मिस्त्री आहेत, त्यांच्या गॅरेजच्या बाकावर बसलं की हा संवाद दिवसातून दोनतीनदा ऐकायला मिळतो.

‘मिस्त्री, पिकअप वाढला पाहिजे.’

‘वाढवतो की. अ‍ॅव्हरेज पडंल.’

‘अ‍ॅव्हरेज पडून कसं चालंल वो?’

‘मग हाय ते बरं हाय की.’

‘त्यात पिकअप न्हाई न्हवं!’

यावर मिस्त्री चहा सांगतात. गिऱ्हाईक मागतंय ते रसायनशास्त्रात बसत नाही. पूर्ण ताकद पाहिजे तर मिश्रण दाट लागतं, एकाला साडेबारा-तेरा. पेट्रोल वाचवायचं तर पातळ, एकाला पंधरा-सोळा. दोन्ही एकदम कुणाला मिळालेलं नाही. पण तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच ताटात वाढून घेण्याची सवय असलेल्या माणसाला हे पटवणार कोण? मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू दीड आट्यावरून पावणेदोनवर नेतात, परत दीडवर आणतात, कान तिरका करून ऐकतात आणि म्हणतात, ‘आता बघा.’ गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत फेरी मारून खूश होऊन येतं. यात फसवणूक नाही. स्क्रू फिरला, कुणीतरी कान देऊन ऐकलं, हेही गाडीला कुठंतरी पोचत असावं.

जेटवर आकडा कोरलेला असतो. डेलॉर्टो या इटालियन कंपनीच्या जेटवरचा आकडा सरळ भोकाचा व्यास सांगतो: १६० म्हणजे १.६० मिलिमीटर. पुढचा जेट १६२. दोघांत फरक दोन शतांश मिलिमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाचे उभे तीन-चार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. डोळ्याला तो दिसत नाही. इंजिनाला लगेच कळतो. उद्यमनगरात लेथवर उभी राहणारी माणसं थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, भाषेत बोलतात, त्यांना याचं नवल वाटत नाही. नवल वाटावं असा माणूस म्हणजे जेट तुंबला म्हणून त्यात क्लचच्या केबलची तार घालून खसाखसा घासणारा. तो भोक साफ करत नाही, नवा नंबर तयार करतो आणि जुनाच आकडा वाचत बसतो. अशा गाड्यांचे आकडे आणि वागणं यांचा पुढं जन्मभर मेळ बसत नाही. मोठं झालेलं भोक कथील भरून बुजवायचं आणि नव्यानं बारीक पाडायचं, हाही एक जुना उद्योग आहे. तो जमणारी माणसं आता हाताच्या बोटांवर राहिली.

मला खरी गंमत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. जेट एकदा बरोबर बसवला म्हणजे तो कायमचा बरोबर, असं नसतं. तो इथं आणि आत्ता बरोबर असतो. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचावर. त्यामुळं रत्नागिरीच्या मानानं इथली हवा सहाएक टक्के विरळ. आंबा घाट उतरून गेलेल्या गाडीला खाली दाट हवा मिळते, पेट्रोल तेवढंच राहतं, आणि मिश्रण थोडं पातळ होतं. घाट चढून आलेल्या गाडीचं उलट. पण यापेक्षाही मोठा फरक कोल्हापुरात घरी बसून पडतो. पौषातल्या पहाटे तापमान बारा-तेरा अंशांवर असतं आणि चैत्रातल्या दुपारी अडतीसवर. तेवढ्यानं हवेची दाटी आठ-नऊ टक्क्यांनी उतरते. म्हणजे गाडी सोप्यात उभी असते आणि वर्षातून एकदा घाट चढून-उतरून येते. पावसाळ्यात तर आणखी मजा. दमट हवा जड असते अशी आपली ठाम समजूत. प्रत्यक्षात वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका, त्यामुळं दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी. आषाढात आपण जड होतो, हवा नाही.

हा सगळा हिशेब कागदावर मांडणारी माणसं कोल्हापुरात आहेत. शहराबाहेर मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक आहे, तिथं रोटॅक्स कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्सचं इंजिन १२५ सीसी, टू-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. त्यातून तीसएक अश्वशक्ती निघते. तुलनेला आपली लाडकी आरएक्स १०० घ्या: ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि तेवढ्यावर १९८५ ते १९९६ या अकरा वर्षांत तिनं गावोगावची तरणी पिढी बिघडवली. कार्टवर असतो डेलॉर्टोचा ३४ मिलिमीटरचा कार्बोरेटर. त्याच घराण्याच्या परवान्यावर तयार झालेला स्पॅको बजाजच्या स्कूटरवर असायचा. एक भाऊ शर्यतीला गेला, दुसरा दळण आणायला. शर्यतीच्या सकाळी पॅडॉकमध्ये बाप लोक हवेची घनता मोजायचं यंत्र हातात धरून उभे असतात. सकाळी आठला एक जेट, अकराला दुसरा, दुपारी तिसरा. पोरगं बारा वर्षांचं, हेल्मेट घालून मुकाट बसलेलं. वाद बापाचा आणि मेकॅनिकचा. पोरगं हरलं तर जेट चुकला. जिंकलं तर पोरगं कुणाचं आहे!

कार्टचं इंजिन हे होडीच्या इंजिनाचं सख्खं भावंड. पण होडीची गोष्ट जास्त कठीण, कारण होडीला उतार नाही. रस्त्यावरची गाडी साठच्या वेगात असते तेव्हा इंजिन आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरत असतं. उतार लागला की तेवढाही नाही. पाण्यात इंजिन सतत चढावर. पंख्याचे फेरे दहा टक्के वाढवायचे तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते, कारण तिथं तिसऱ्या घाताचा हिशेब चालतो. वेगाच्या होडीत मूठ पूर्ण उघडी, आणि जो मेन जेट महाद्वार रोडवर झोपा काढत होता तो इथं तासन् तास एकटा राबतो. तो एका नंबरानं लहान पडला तर रस्त्यावर काही बिघडणार नाही, पण पाण्यात पिस्टन वितळू शकतो. पेट्रोल कमी मिळालं की इंजिन थंड राहील असं वाटतं. होतं उलट, कारण आत येणारं जादा पेट्रोल इंजिनाची आगही शांत करत असतं. तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकला तर तेलही पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल तोडलं की तेलही तुटलं, आणि इंजिन तापलेलं व कोरडं अशा दोन्ही बाजूंनी अडकतं.

त्यामुळं होडीच्या इंजिनाचं ट्युनिंग करणारे लोक स्वभावानं दाट मिश्रणाकडं झुकलेले असतात. थोडा धूर चालेल, पिस्टन जायला नको. मिश्रण बरोबर आहे का हे बघायची जुनी रीत अशी: मूठ पूर्ण पिळून दामटायचं, तशा वेगातच इंजिन बंद करायचं, आणि प्लग काढून रंग बघायचा. काळा म्हणजे दाट, पांढरा म्हणजे पातळ आणि धोक्याचा, चॉकलेटी म्हणजे झकास. रस्त्यावर हे ठीक आहे, उरलेली वाट ढकलत येता येतं. नदीच्या मधोमध इंजिन बंद करून प्लगचा रंग न्याहाळणाऱ्याला ढकलणार कोण? शिवाय गाडीचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल रस्त्यावर गळतं, वास येतो, विषय संपतो. होडीत इंजिन पोटात असेल तर ते पेट्रोल तळाशी साठतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड म्हणून तिथंच बसून ठिणगीची वाट बघते. म्हणून अशा होड्यांच्या कार्बोरेटरची रचनाच निराळी. जादा झालेलं पेट्रोल बाहेर न सांडता परत गळ्यातच जातं. सांगलीला कृष्णेवर पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, तिथं ही भानगड नाही. वल्ही मारणाऱ्यांना दाट-पातळ सगळं मिश्रण चालतं, फक्त वेळेवर आणि पोटभर पाहिजे.

कोल्हापूरला होडीच्या इंजिनाशी ओळख आनंदानं झालेली नाही. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचलं की इशारा, ४३ ला धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला, आणि रस्त्यावरून ट्रकनं आलेल्या रबरी बोटी रस्त्यावरच पाण्यात सोडल्या गेल्या. मागं आउटबोर्ड इंजिनं. बाहेरून आलेल्या अशा एका बोटीचं इंजिन चालू होऊन चार धक्के देऊन बंद पडत होतं. कडेला गर्दी. कोल्हापुरात इंजिन बंद पडलं आणि गर्दीत तीन मिस्त्री निघाले नाहीत असं होत नाही. एकानं निदान केलं, ‘समुद्राच्या हवेवर सेट केलंय, हितं रिच झालं.’ दुसरा म्हणाला, ‘पावसाची हवा हाय, आणखी रिच.’ तर्क बिनचूक. बोटीवाल्या जवानानं गुडघाभर पाण्यात उभं राहून शांतपणे सगळं ऐकून घेतलं, फ्लोटची वाटी सोडवली आणि हातावर ओतली. तळाला पाणी! कॅनमध्ये पाऊस गेला होता. पाणी पेट्रोलपेक्षा जड, वाटीच्या तळाला बसतं, आणि मेन जेट तळालाच तोंड लावून असतो. पाण्याचा एक टपोरा थेंब त्या दीड मिलिमीटरच्या भोकात अडकला की पुढचं सगळं बंद. वाटी पुसली, कॅन बदलला, दोन हिसके मारले, इंजिन लागलं. बोट गेली ती म्हातारी माणसं, एक शेळी आणि एक टीव्ही घेऊन आली. टीव्ही शेळीच्या आधी उतरवून घेण्यात आला, याची नोंद असावी.

आता हे सगळं शहाणपण मोडीत निघाल्यात जमा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळपास गेलाच. त्या जागी जे आलं त्यात हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर आहेत. पौष असो, चैत्र असो, घाट असो, गाडी स्वतःच हिशेब करते. नवी आउटबोर्डसुद्धा बहुतेक याच जातीची. मिस्त्रींचं याबद्दल मत विचारलं तर ते म्हणतात, ‘चांगलं हाय की. पण तिला काय झालंय ते ती लॅपटॉपला सांगती, आमाला न्हाई.’ त्यांच्या बाकावर आता जी गर्दी असते ती जुन्या गाड्यांच्या मालकांची. आरएक्स, यज्दी, बुलेट. ही माणसं दुरुस्तीला येत नाहीत, तक्रार करायला येतात. दुरुस्त झाली तर उद्या कशासाठी यायचं?

हे सारं ज्याच्यापासून सुरू झालं तो माणूस जर्मन. विल्हेल्म मेबॅक हा गॉटलीब डाइमलरचा जोडीदार. या दोघांनी १८८६ साली आपलं इंजिन एका होडीत बसवलं आणि नेकार नदीवर सोडलं. लोक पेट्रोलला घाबरायचे, होडीचा स्फोट होईल म्हणायचे. मग डाइमलरनं होडीला भोवतीनं तारा आणि चिनीमातीचे इन्शुलेटर लावले. बघणाऱ्यांना वाटलं विजेवर चालते, आणि सगळे निर्धास्त झाले. कार्बोरेटर तेव्हा फार साधा होता, पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वास लावायचा एवढंच. बारीक जेटमधून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडायचा, ही मेबॅकची १८९३ ची युक्ती. उद्यमनगरातलं निम्मं भांडण त्या युक्तीतून निघालेलं आहे.

मेबॅक हे आडनाव कोल्हापूरकराला मात्र परकं नाही. विल्हेल्मच्या मुलानं पुढं मोटारी काढल्या, आणि त्यातली १९३० च्या दशकातली एक राजाराम महाराजांच्या काळात इथं आली. दसऱ्याला छत्रपती तिच्यात बसून दसरा चौकात येतात. बँड वाजतो, घोडे असतात, लोक टाचा उंचावून महाराजांना बघतात, लहान पोरं बापाच्या खांद्यावर, सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं तयार.

गेल्या काही दसऱ्यांना मी या गर्दीत मिस्त्रींच्या शेजारी उभा राहतो. ते महाराजांकडं बघत नाहीत, गाडीकडंही फारसं नाही. बँडवाल्यांवर त्यांचा राग असतो, कारण नेमकी गाडी जवळ आली की ते जोरात वाजवतात. परवाच्या दसऱ्याला बँड मधेच दोन क्षण थांबला आणि गाडी समोरून गेली. मिस्त्री म्हणाले, ‘ऐकलं? स्लो रेस बघा कसली हाय, घड्याळ!’ त्यांच्या पलीकडं पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उभे होते, ओळखीचे ना पाळखीचे. ते म्हणाले, ‘घड्याळ व्हय, पण पाव आटा आत पाहिजे.’ मिस्त्री वळले. ‘का?’

‘संध्याकाळ झाली की. हवा गार व्हाय लागली.’

सोनं लुटून झालं, चौक रिकामा होत आला, तरी पाव आटा आत की आहे तिथंच, हे दोघांचं ठरलं नव्हतं. मी दोघांच्याही हातात पानं दिली आणि घरी निघालो. दोघांनी ती न बघताच खिशात घातली.